मालमोटारीचें इंजिन : टर्बो घ्यावा कीं आकार थोरला घ्यावा?

शेतमालाच्या वाहतुकीकरितां स्वतःची अगर चार-पांच शेजाऱ्यांच्या भागीची मालमोटार घ्यावी, असा विचार पुष्कळ ठिकाणीं चालू असतो. भाड्याच्या गाडीची वाट पाहत माल खळ्यांत पडून राहिला तर बाजारचा दिवस हुकतो, आणि द्राक्षांसारखा माल तर दोन दिवसांत हातचा जातो. तेव्हां हा विचार गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु गाडी घेण्याचा निश्चय झाला कीं लागलाच एक वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, लहान इंजिनावर टर्बो असलेली गाडी घ्या. डिझेल थोडें लागतें आणि ओढ थोरल्या इंजिनासारखीच मिळते. दुसरा म्हणतो, टर्बो हें नाजूक प्रकरण आहे. इंजिन मुळांतच मोठें असावें, म्हणजे तें वर्षानुवर्षें तक्रार करीत नाहीं. तिसराही एक पक्ष आहे व तो सर्वांत घातक आहे. तो म्हणतो, नवी गाडी कशाला? घरच्या जुन्या गाडीवरच टर्बो बसवून घेऊं, नाहींतर भंगारांतून मोठें इंजिन आणून घालूं. गाडीचें कर्ज कित्येक वर्षें फेडावयाचें असतें आणि हप्त्याला पाऊस-पाणी ठाऊक नसतें. म्हणून या वादाचा निकाल ऐकीव गोष्टींवर न लावतां हिशेबानें लावावा, एवढ्याकरितां हा लेख आहे.

इंजिनाची शक्ति डिझेलांत असते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. डिझेल हवें तेवढें ओततां येतें. अडतें तें हवेपाशीं. एक लिटर डिझेल पुरतेपणीं जळावयास सुमारें १२ किलो हवा लागते, आणि एवढी हवा म्हणजे समुद्रसपाटीजवळ सुमारें १०,००० लिटर. एका लिटरास दहा हजार लिटर हें प्रमाण ध्यानांत ठेवलें म्हणजे या विषयांतील निम्मा घोळ मिटतो. हवा कमी पडली कीं वरचें डिझेल जळत नाहीं, काळा धूर होऊन बाहेर पडतें. विहिरीवरील ऑईल इंजिनावर पंपाचा भार अधिक झाला म्हणजे निघणारा काळा धूर आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. तो धूर म्हणजे इंजिनाला श्वास पुरत नसल्याची खूण होय.

आतां चार धावांचें इंजिन दोन फेऱ्यांत एकदांच श्वास घेतें. म्हणून ५.७ लिटर आकाराचें इंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांनीं फिरत असतां मिनिटाला फार तर ५,७०० लिटर हवा ओढील. वाटेंतील अडथळ्यांमुळें प्रत्यक्षांत त्याहून कमीच. तेवढ्या हवेंत जेवढें डिझेल जळेल तेवढीच त्याची शक्ति. ती वाढवावयाची असेल तर मार्ग दोनच. एक, सिलिंडरांचा आकार अगर संख्या वाढवून छातीच रुंद करावी. दुसरा, आहे त्याच छातींत हवा दाबून भरावी. फेऱ्या वाढविणें हा तिसरा मार्ग दिसतो खरा, परंतु जड ओझ्याच्या इंजिनास तो मानवत नाहीं. झीज फार होते.

हवा दाबून भरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनीं १८६० मध्यें दोन पाकळ्यांचें हवा ढकलणारें यंत्र काढलें. त्याचा उपयोग लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्याकडे झाला. लोहाराचा भाता जें काम हातानें करितो तेंच हें यंत्र पट्ट्यावर करी. हाच भाता पुढें इंजिनास जोडला गेला. जनरल मोटर्स कंपनीच्या दोन धावांच्या डिझेल इंजिनांवर १९३८ पासून तो सर्रास असे. परंतु या रीतींत एक उणीव आहे. भाता फिरविण्यास लागणारी शक्ति इंजिनाच्याच दांड्यावरून घ्यावी लागते. म्हणजे मिळकतींतून वसुलीचा खर्च आधीं कापला जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें यावर तोड काढली. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर तापलेला व जोरकस असतो आणि तो फुकटच जातो. त्या धुरानेंच एक चक्र फिरवावें व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा आंत दाबावी, अशी त्याची युक्ति. त्याचें पेटंट १९०५ चें आहे. ती कामांत उतरण्यास वीस वर्षें लागलीं. १९२० नंतरच्या दशकांत ‘प्रॉइसेन’ व ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन उतारूजहाजांच्या इंजिनांवर ती बसविली, तेव्हां १,७५० अश्वशक्तीचें इंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें. मालमोटारींत टर्बो आणण्याचा मान स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीकडे जातो; तें साल १९३८. आज टर्बो म्हणतात तो हाच.

टर्बोचें चक्र मुठींत मावेल एवढें, पण भर ओझ्याखालीं त्याच्या फेऱ्या मिनिटाला लाखाच्या घरांत जातात. हवा दाबली कीं ती तापते, आणि तापली कीं फुगते. सायकलचा पंप मारतांना त्याचें टोंक हाताला चटका देतें तें याच कारणानें. बाहेरची हवा ३० अंश असतां तिचा दाब दुप्पट केला तर ती सुमारें १२५ अंशांपर्यंत तापते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा दुप्पट मिळत नाहीं, दीडपटच मिळते. याकरितां टर्बो व इंजिन यांच्यामध्यें हवा निवविणारी एक जाळी घालतात. तिला इंटरकूलर म्हणतात. तिनें हवा ६० अंशांपर्यंत निवली तर तोच आंकडा दीडपटीवरून १.८ पटीवर जातो. सारांश, टर्बो आहे एवढें ऐकून स्वस्थ बसूं नये. इंटरकूलर आहे कीं नाहीं, व असल्यास त्याच्या जाळींत माती बसली आहे काय, हें पाहावें.

दोन मार्गांतील भेद आपल्या भाषेंत सांगावयाचा तर असा. थोरलें इंजिन म्हणजे नांगराला चाराच्या जागीं आठ बैल जोडणें. टर्बो म्हणजे चारच बैल ठेवून कामाच्या वेळीं त्यांना सरकी-पेंडीचा खुराक देणें. आठ बैल रिकामे उभे असले तरी वैरण खातात. चार बैलांचा वर्षाचा खर्च कमी. परंतु चार बैलांकडून आठांचें काम घ्यावयाचें तर जूं, साखळी व बैलांचे खांदे हीं सर्व त्या जोराचीं असावीं लागतात, हें विसरून चालत नाहीं.

थोरल्या इंजिनाचें उत्तम उदाहरण म्हणजे लेलँडचें ‘६८०’. हा आंकडा घनइंचांचा असून लिटरांत तो आकार ११.१ होतो. १९५० च्या सुमारास त्याची शक्ति १५० अश्वशक्ति होती. पुढें सुधारणा होऊन ती २०० पर्यंत गेली. अशोक लेलँडच्या बीव्हर व हिप्पो या भारी गाड्यांत तें असे आणि जुने ड्रायव्हर अजून त्याची आठवण काढितात. आज टाटांच्या मोठ्या गाड्यांत कमिन्सचें ६.७ लिटरचें टर्बो इंजिन २५० ते ३०० अश्वशक्ति देतें. म्हणजे आकार सहा-दशांश आणि शक्ति जुन्या सुधारलेल्या इंजिनाच्या सव्वा ते दीडपट. टाटांच्या गाड्यांच्या आंकड्यांतही हा इतिहास वाचतां येतो. १२१० म्हणजे १२ टन एकूण वजन व १०० च्या आसपास अश्वशक्ति. १६१३ म्हणजे १६ टन व १३० च्या आसपास. नांवाच्या शेवटीं ‘टी. सी.’ हीं अक्षरें आलीं तीं टर्बोचार्जरचीं.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग वाद उरला कोठें? टर्बोच घ्यावा. थांबा. आपल्याला शक्ति किती लागते आणि कोठें लागते, हें पाहिल्याशिवाय हा निकाल देतां येत नाहीं.

दोन आंसांच्या मालमोटारीचें भरलेलें एकूण वजन २०१८ पर्यंत १६.२ टन धरीत. त्या वर्षीं केंद्र सरकारनें तें १८.५ टन केलें. अशी भरलेली गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशीं ६० किलोमीटर चालविण्यास इंजिनाची सुमारें ७० अश्वशक्ति पुरते. तीच गाडी वीसास एक या चढाच्या घाटांत ताशीं २० किलोमीटरनें चढवावयास सुमारें ९२, व ताशीं ३० किलोमीटरनें चढवावयास सुमारें १३८ अश्वशक्ति लागते. आतां घाट ८ किलोमीटरांचा धरा. शंभर अश्वशक्तीच्या आंतबाहेरची गाडी तो २४ मिनिटांत चढेल, एकशें चाळीसची १६ मिनिटांत. जादा चाळीस अश्वशक्तींनीं काय दिलें? आठ मिनिटें. ज्याची गाडी रोज दोन घाट चढते त्याला आठ मिनिटें मोलाचीं आहेत. ज्याची गाडी बारमाही सपाटीवर फिरते त्याला तीं फुकट मिळालीं तरी उपयोगाचीं नाहींत.

परंतु चढापेक्षां उतार अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयीं विक्रीच्या दुकानांत कोणी बोलत नाहीं. नाशिक जिल्ह्याचा कांदा व द्राक्षें मुंबईस अगर न्हावाशेव्याच्या बंदरास जातात तीं कसाऱ्याच्या घाटानें, म्हणजे भरलेली गाडी उतरते आणि रिकामी अगर खताचीं पोतीं घेऊन चढते. महाबळेश्वर-पांचगणीची स्ट्रॉबेरी पसरणीच्या घाटानें वाईस उतरते. उलट कोंकणचा हापूस कोल्हापुराकडे निघाला कीं आंबा घाटानें अगर करूळच्या घाटानें गगनबावड्यावरून चढतो, आणि तोही एप्रिल-मेच्या उन्हांत. तेव्हां आपला माल घाट चढून जातो कीं उतरून जातो, हा प्रश्न इंजिन निवडण्याच्या आधीं विचारावा.

उताराचा हिशेब असा. १८.५ टनांची गाडी ३०० मीटर उंची उतरली, आणि इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंतचा उतार साधारण तेवढाच आहे, तर चाकांच्या घर्षणांत जाणारा भाग वजा करूनही जी उष्णता कोठेंतरी जिरवावी लागते तिच्यावर सुमारें १४० लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकांत घातली तर ब्रेकांचे अस्तर करपतात आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाहीं. म्हणून घाट उतरतांना खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच गाडी अडवून धरावयाची असते. धुराच्या वाटेवर पडदा टाकणारा एक्झॉस्ट ब्रेक असल्यास फारच उत्तम. इंजिनाची ही अडविण्याची ताकद साधारणपणें त्याच्या आकारावर व फेऱ्यांवर अवलंबून असते. टर्बो गाडी ओढण्यास मदत करितो, अडविण्यास म्हणण्यासारखी करीत नाहीं. चढावर ३.८ लिटरचें टर्बो इंजिन ५.७ लिटरच्या साध्या इंजिनाची बरोबरी करील, पण उतारावर तें ३.८ लिटरचेंच राहतें. ज्याचा माल उतरणीचा आहे त्यानें टर्बो अवश्य घ्यावा, परंतु आकार लहान घेऊं नये, आणि एक्झॉस्ट ब्रेकावांचून तर मुळींच घेऊं नये. कांहीं ड्रायव्हर डिझेल वांचविण्याकरितां न्यूट्रलमध्यें घाट उतरतात. वांचलेलें डिझेल पावशेर असतें आणि पणाला लावलेली गोष्ट स्वतःचा जीव.

उसाची वाहतूक हा निराळाच प्रकार. तेथें अंतर थोडें, वेग थोडा, रस्ता सपाट. पण फडांतून बाहेर निघतांना चाकें भुसभुशीत रानांत बसलेलीं असतात आणि गाडी जागेवरून हलविणें हेंच मोठें काम. अशा वेळीं इंजिनाच्या फेऱ्या कमी, धूर कमी, म्हणून टर्बोचें चक्रही सुस्त. दाब तयार होण्याच्या आधीं इंजिनाला आपल्या अंगच्याच बळावर ओढावें लागतें. येथें थोरल्या साध्या इंजिनाचा पक्ष पूर्वीं खरा होता. अलीकडील टर्बो इंजिनें हजार-बाराशें फेऱ्यांपासून ओढ देऊं लागतात, त्यामुळें हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. तरी जुना टर्बो घेणाऱ्यानें फडांतील हें काम डोळ्यांपुढें ठेवावें. शिवाय कारखान्याच्या वजनकांट्यापुढें गाडी तासन् तास रांगेंत उभी राहते, क्षणाक्षणाला चालू-बंद होते, धुळींत उभी असते. टर्बोला यांपैकीं कांहींच आवडत नाहीं.

उंचीवर हवा विरळ होते, तेथें टर्बो चांगला, असाही एक मुद्दा वारंवार ऐकूं येतो. तो खरा आहे. मात्र आपल्याकडे त्याचें वजन थोडें आहे. सहाशें मीटर उंचीवर हवा शेंकडा ६ टक्के विरळ, महाबळेश्वरच्या तेराशें मीटरांवर शेंकडा १२. लडाखच्या वाटेवरील पांच हजार मीटरांच्या खिंडींत ती शेंकडा ४० विरळ असते. टर्बोवांचून तेथें गाडीचे हाल होतात. तो प्रश्न तिकडील लोकांचा आहे.

डिझेलच्या बाबतींत मात्र टर्बोचा पक्ष बळकट आहे. वर पाहिलें कीं सपाटीवर ७० अश्वशक्ति पुरते. अकरा लिटरचें इंजिन ७० अश्वशक्तीकरितां फिरविलें तर त्याचे मोठमोठे पिस्टन, धुरे व पंप यांचें घर्षण भागविण्यातच बरेंच डिझेल खर्चीं पडतें. लहान इंजिन तेंच काम अंग मोडून करितें व दर लिटरामागें अधिक मैल देतें. त्यांतून जड इंजिनाचें वजन जेवढें अधिक तेवढा माल कायद्यानें कमी भरावा लागतो. वर्षाकाठीं गाडी बरीच फिरणार असेल तर हा फरक हप्ता काढून देण्याइतका पडतो. फक्त हंगामांत चार महिने फिरणार असेल तर तेवढा पडत नाहीं.

आतां तिसऱ्या पक्षाकडे वळूं. जुन्या साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवून देणारे मेस्त्री सांपडतात व काम दोन दिवसांत करून देतात. गाडी पहिल्या महिन्यांत जोरांत पळतेही. पण आंत काय होतें तें पाहा. हवा अधिक, डिझेल अधिक, म्हणून सिलिंडरांतील दाब व उष्णता अधिक. कारखान्यांत टर्बोकरितांच घडविलेल्या इंजिनांत पिस्टनला खालून तेलाचा फवारा देऊन निवविण्याची सोय बहुधा केलेली असते; दाबण्याचें प्रमाण थोडें उतरविलेलें असतें; व्हॉल्व्ह, हेडचें गॅस्केट, तेलाचा पंप व रेडिएटर त्या मानानें दिलेले असतात. जुन्या इंजिनांत यांपैकीं कांहीं नसतें. मग हेडचें गॅस्केट उडतें, पिस्टनचा माथा वितळतो. इंजिन टिकलेंच तर क्लच, गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शियल यांवर ताण येतो, कारण तेही पहिल्या ओढीच्या मापाचे. आपल्या रेल्वेचें उदाहरण घ्या. वाराणसीच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार झालेलें डब्ल्यू. डी. एम.-२ हें डिझेल इंजिन २,६०० अश्वशक्तीचें होतें. पुढें त्याच सोळा सिलिंडरांतून डब्ल्यू. डी. एम.-३ए साठीं ३,१०० अश्वशक्ति काढण्यांत आली, आकार न वाढवितां. परंतु त्याकरितां टर्बो, हवा निवविण्याची योजना, इंधनाचे पंप, पिस्टन असें बरेंच कांहीं बदलावें लागलें. ज्यांच्यापाशीं कारखाने व प्रयोगशाळा आहेत त्यांना नुसता टर्बो बदलून भागलें नाहीं. तें नाक्यावरच्या छपरांत कसें भागेल?

भंगारांतून मोठें इंजिन आणून घालणें यंत्राच्या दृष्टीनें थोडें बरें, पण कागदाच्या दृष्टीनें तितकेंच वाईट, आणि कागदाकडे दुर्लक्ष करणारास माझ्यासारख्या कचेरींत जन्म काढलेल्या माणसानें सावध करणें प्राप्त आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ स्पष्ट आहे. नोंदणीच्या पुस्तकांतील तपशील कारखानदारानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकानें गाडींत करूं नये. इंजिन बदललें तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि परवानगीवांचून बदल झाला असल्यास तो १४ दिवसांच्या आंत कळवून पुस्तक हजर करावें लागतें. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हेंच कलम कडकपणें लावलें. हें न करणाराची गाडी फिटनेसच्या वेळीं अडतेच; पण खरा धोका अपघाताच्या दिवशीं. विमा कंपनीचा माणूस इंजिनावरील नंबर व पुस्तकांतील नंबर ताडून पाहतो, आणि ते जुळले नाहींत तर दावा लोंबकळत पडतो. मेलेल्याच्या वारसांना द्यावयाची नुकसानभरपाई मग मालकाच्या सातबाऱ्यावर येऊन बसण्याचा संभव असतो. थोडक्या जादा ओढीकरितां जमीन गुंतविणें हा कोणता व्यवहार?

नवी गाडी घेणारापुढें हा वाद जुन्या स्वरूपांत उरलेलाच नाहीं. धुराविषयींचे ‘भारत स्टेज’ नियम कडक होत गेले. चौथा टप्पा सर्व देशांत १ एप्रिल २०१७ पासून व सहावा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. डिझेलची मोठी मालमोटार आतां टर्बोशिवाय मिळत नाहीं. म्हणून निवड करावयाची ती लहान टर्बो इंजिन व मोठें टर्बो इंजिन यांमध्यें. माझें मत असें कीं, घाटाचा माल असेल त्यानें एकाच वजनाच्या गाड्यांपैकीं मोठ्या आकाराचें इंजिन घ्यावें, कारण तें उताराला धरतें; सपाटीवर दूरच्या बाजाराला जाणारानें लहान घ्यावें व डिझेल वांचवावें; आणि केवळ ऊस वाहणारानें नव्या मोठ्या गाडीच्या भानगडींत न पडलेलें बरें. सहाव्या टप्प्याच्या गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास गाडी लांब व तापून चालावी लागते, फड ते कारखाना अशा दहा किलोमीटरांच्या खेपांनीं ती तुंबते. जातां जातां आणखी एक इशारा. या गाड्यांत धूर शुद्ध करण्याकरितां युरियाचें पाणी घालतात. तें शेंकडा ३२.५ टक्के शुद्ध युरियाचें, मुद्दाम तयार केलेलें असतें. आपल्या कोठारांतील युरिया २०१५ पासून निंबोळीच्या तेलाचें लेपण केलेला येतो. तो पाण्यांत कालवून टाकींत ओतला तर मोलाचा भाग बाद होईल.

ट्रॅक्टरच्या बाबतींत मात्र जुना वाद अजून जिवंत आहे. पन्नास अश्वशक्तीच्या आंतबाहेर तीन सिलिंडरांचें टर्बो इंजिन व चार सिलिंडरांचें साधें इंजिन, दोन्ही बाजारांत दिसतात. नांगरट व रोटाव्हेटर यांच्या धुळींत, एकाच भाराखालीं दिवसभर चालावयाचें असल्यानें येथें माझा कल साध्या चार सिलिंडरांकडे आहे. या विषयावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

टर्बोची निगा फार कठीण नाहीं, पण ती ड्रायव्हरच्या हातीं आहे, मालकाच्या नव्हे. म्हणून ड्रायव्हरला ती शिकवावी. चक्राचा दांडा इंजिनाच्या तेलावर तरंगत असतो. सकाळीं गाडी सुरू करितांच रेस दिली तर तेल पोंचण्याआधींच दांडा कोरडा फिरतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलें तर तेल थांबतें, पण तापून लाल झालेलें चक्र थांबत नाहीं. आंतलें तेल जळून त्याची काजळी होते. ढाब्यावर थांबण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें इंजिन हळू चालूं द्यावें, मग बंद करावें. तेल कंपनीनें सांगितलेल्या जातीचेंच घालावें व वेळेवर बदलावें. हवेची गाळणी ऊस-कांद्याच्या हंगामांत पुस्तकांत लिहिल्यापेक्षां लवकर पाहावी. गाळणी व टर्बो यांमधील रबरी नळीला बारीक चीर गेली तरी तींतून ओढलेली धूळ लाख फेऱ्यांच्या पात्यांना वाळूच्या कागदासारखी घासते.

जुनी टर्बो गाडी विकत घेतांना इंजिन थंड असतां हवेची नळी सोडून आंतील चक्राचा दांडा बोटानें हलवून पाहावा. किंचित् हलला तर चालतो. पात्याचें टोंक घराला घासण्याइतका हलला, अगर नळींत तेलाचा ओघळ असला, तर टर्बो बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा. भाराखालीं निळा धूर म्हणजे तेल जळतें, काळा म्हणजे हवा पुरत नाहीं, आणि शिटीसारखा आवाज अचानक वाढणें म्हणजे नळी कोठेंतरी फुटलेली. रिकामी गाडी गांवच्या रस्त्यावर एक फेरी मारून यांतील कांहीं कळत नाहीं. विकणाराच्या संमतीनें ती कायद्यानें ठरलेल्या वजनापर्यंत भरावी, आपला माल ज्या घाटानें जातो त्याच घाटानें एकदां न्यावी व आणावी, शेजारीं आपला मेस्त्री बसवावा, आणि उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्यें ब्रेकाला पाय न लावतां ती किती धरते तें त्याला पाहावयास सांगावें.